पंखवाली शेवरले आणि रणगाड्याची दंतकथा

व्हॉट्सॲपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय, सोबत बहुतेक वेळा मागे पंख फुटलेल्या एखाद्या कॅडिलॅकचा फोटो. म्हणणं असं: 1950च्या दशकातल्या अमेरिकन गाड्या म्हणजे रणगाडे. पत्रा जाड, म्हणून अपघातात माणूस वाचायचा. त्या बिघडत नसत, गंजत नसत. मागचे पंख वेगात गाडी स्थिर ठेवायला होते. आणि दुरुस्ती कुणालाही जमायची. आणि आजच्या गाड्या? पत्र्याचे डबे, बोट लावलं तरी चेपतात. गाड्या देखण्या होत्या, त्याबद्दल वाद नाही. बाकीचं तपासू.

‘जाड पत्रा, म्हणून माणूस सुरक्षित’

पत्रा आजच्यापेक्षा जाड होता, हे खरं. त्याचा उपयोग किती, हे 2009 मध्ये दिसलं. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने स्वतःच्या पन्नाशीनिमित्त 1959 ची शेवरले बेल एअर आणि 2009 ची शेवरले मालिबू समोरासमोर धडकवली. वेग ताशी साधारण 64 किलोमीटर, आणि धडक पूर्ण नाकावर नव्हे, चालकाच्या बाजूला. वजनात फार फरक नव्हता, जुनी थोडी जडच होती. मालिबूची केबिन शाबूत राहिली, चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या पायाला इजा नोंदली गेली. बेल एअरची केबिन मात्र कोसळली, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड पुतळ्यावर आले. खरा माणूस असता तर वाचणं कठीण होतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘त्या गाडीत इंजिनच नव्हतं, सांगाडा सडलेला होता.’ इंजिन होतं, सहा सिलिंडरचं, 3.9 लिटरचं. व्हिडिओत उडणारा तपकिरी ढग म्हणजे मुख्यतः पोकळ्यांमध्ये पन्नास वर्षं साचलेली रस्त्यावरची धूळ.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 1958 ते 1964 या काळातल्या मोठ्या शेवरलेंची चासी (खालचा सांगाडा) इंग्रजी एक्स अक्षरासारखी होती: मध्ये अरुंद, दारांच्या बाजूने आडवा आधारच नाही. त्यामुळे ‘तुम्ही कमकुवत गाडी निवडली’ असं म्हणता येतं. दुसरी एखादी गाडी थोडी बरी ठरली असती, मान्य. पण स्टिअरिंग बॉक्सपासून छातीपर्यंत आलेला ताठ दांडा त्या काळच्या बहुतेक सगळ्याच गाड्यांत होता. धडकेत आत दुमडणारा कॉलम जनरल मोटर्सने 1967 च्या मॉडेलांपासून दिला. सीट बेल्टचे पट्टे ऐच्छिक होते. फोर्डने 1956 मध्ये पट्टे आणि गादीचा डॅशबोर्ड देऊ केले, तेही जास्तीचे पैसे मोजणाऱ्यालाच.

मुळात गोंधळ ‘चेपणं’ या शब्दाचा आहे. ताशी 64 किलोमीटरवरून 30 सेंटिमीटरमध्ये थांबलात तर शरीरावर सरासरी 54 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 54 पट जोर) येतात, 60 सेंटिमीटरमध्ये थांबलात तर 27. बॉनेट चेपतं ते हे अंतर मिळावं म्हणून. त्यामागची केबिन मात्र चेपू नये. बेल एअरमध्ये केबिनच चेपली, म्हणजे रणगाड्याची उपमा दोन्ही टोकांनी चुकते.

अमेरिकेत 1960 मध्ये दर 10 कोटी मैलांमागे साधारण 5 जण रस्त्यावर मरत, 2009 मध्ये 1.15. सगळं श्रेय गाडीचं नाही, रस्ते आणि दवाखानेही सुधारले. पण ‘तेव्हा माणूस वाचायचा’ हे वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही.

‘कधी बिघडत नसत’

त्यांची तेव्हाची देखभाल आज कुणी करेल का, हे विचारावं. दर 1,000 मैलांना म्हणजे 1,600 किलोमीटरला ग्रीस गन घेऊन गाडीखाली जायचं आणि सस्पेन्शन व स्टिअरिंगच्या निपलांमध्ये ग्रीस भरायचं. वर्षातून एकदोनदा पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे संपर्क), कंडेन्सर, प्लग बदलायचे. 283 घनइंची व्ही-8 चे नवे पॉइंट 0.48 मिलिमीटरवर, ड्वेल (पॉइंट बंद राहतात तो कोन) 30 अंशांच्या आसपास, प्लगचं अंतर 0.9 मिलिमीटर. क्रम महत्त्वाचा: आधी ड्वेल, मग टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ). ड्वेल बदललं की टायमिंग सरकतं, टायमिंग बदलून ड्वेल हलत नाही. पॉइंटचा रबिंग ब्लॉक (घासून पॉइंट उघडणारा तुकडा) झिजला की फट कमी होते, टायमिंग मागे पडतं आणि चढावर गाडी जड वाटते. लोक मग कार्ब्युरेटर उघडतात, जिथे दोष नसतोच.

क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या भागातला) धूर एका नळीतून थेट रस्त्यावर सोडलेला. ही नळी गाडी चालताना ओढ देते, ट्रॅफिकमध्ये नाही. शहरात फिरणाऱ्या इंजिनात म्हणून काळा गाळ साचायचा. सहा सिलिंडरच्या इंजिनावर ऑइल फिल्टरही ऐच्छिक. ओडोमीटर पाचच आकडी होता, आणि लाख मैलांच्या आत इंजिन उघडणं ही नेहमीची गोष्ट होती. आज रस्त्यावर दिसतात त्या उरलेल्या गाड्या, बाकीच्या केव्हाच भंगारात गेल्या.

ब्रेकचं वेगळं सांगायला हवं, कारण इथे बिघाड जिवावर येतो. चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल ढकलणारा) एकाच सर्किटचा, म्हणजे चारही चाकांना एकच मार्ग. एक रबरी नळी फुटली की पेडल थेट जमिनीला. जुनी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात तिन्ही रबरी नळ्या (पुढे दोन, मागे एक) आणि चारही व्हील सिलिंडर बदलावेत, दिसायला कितीही चांगले असोत. नळी आतून सुजली तर ब्रेक लागतो पण सुटत नाही आणि एक चाक तापतं. शू (ड्रमला आतून घासणारे) आपोआप ॲडजस्ट होत नाहीत: स्टार व्हील (शूंमधलं दातेरी चक्र) चाक अडेपर्यंत फिरवायचं, मग मोकळं होईल इतकंच मागे. हँडब्रेक केबलवर चालतो, म्हणून तो नेहमी नीट ठेवावा. तेलाचा ब्रेक गेला की तोच उरतो. 1967 नंतरच्या पद्धतीचा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणं हा खर्च कधी वाया जात नाही. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी तो डिकीपासून सुरू करावा, ब्रेकपासून नाही.

‘गंजत नसत’

ओक्लाहोमातल्या टल्सा शहराने 1957 मध्ये एक नवी कोरी प्लिमथ काँक्रीटच्या कोठडीत पुरली, पन्नास वर्षांनी उघडायला. 2007 मध्ये ती निघाली ती पाण्यात बसलेली, गंजाचा ढीग झालेली. कोठडीत पाणी शिरलं, हा गाडीचा दोष नव्हे. पण त्याच वर्षीच्या क्रायस्लर कंपनीच्या (प्लिमथ तिचीच) गाड्या कोठडीबाहेरही लवकर गंजण्यासाठी बदनाम होत्या. नवं डिझाइन घाईने बाजारात आणल्याची ती किंमत.

1959 ची शेवरले तपासताना चुंबक सोबत ठेवा: पुट्टीवर तो चिकटत नाही. मागच्या चाकामागचा खालचा पत्रा, डिकीचा तळ, दाराखालचा उंबरठा, मागच्या काचेचा खालचा कोपरा पाहा. मग मागच्या ॲक्सलवरची चासी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. ती आतून गंजते. खणखणीत आवाज हवा, बद्द नको.

‘पंख स्थिरतेसाठी’

क्रायस्लरने तशी जाहिरात केली होती, खरं. पण सुरुवात 1948 च्या कॅडिलॅकपासून झाली आणि ती कल्पना पी-38 या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून घेतलेली, शोभेसाठी. 1959 च्या शेवरलेचे पंख तर आडवे पसरलेले आहेत. त्यांनी सरळ जायला मदत कशी करायची?

‘तेव्हा कुणीही दुरुस्त करू शकायचं’

हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि या गाड्यांची खरी गंमत तीच. बॉनेट उघडलं की इंजिनभोवती हात जातो. अडचण आजच्या तेलापेट्रोलची. सपाट टॅपेटच्या कॅमला (झडपा उघडणाऱ्या दांड्याला) झीज रोखणारं जस्त-फॉस्फरस लागतं. हल्लीच्या एपीआय एसपी (तेलाचा अमेरिकन दर्जा) दर्जाच्या पातळ तेलांत फॉस्फरस 800 पीपीएमवर (दहा लाखांत 800 भाग) रोखलेला असतो, या इंजिनांना 1,000 ते 1,200 चं तेल बरं.

काही मराठी फॉरवर्डांत शेवटी ‘या गाड्या आपल्या शिवडीत बनत’ अशी ओळ असते. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना 1928 ला सुरू झाला आणि 1954 ला बंद पडला, त्यामुळे 1959 ची शेवरले तिथली असूच शकत नाही. डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडायची ती कुर्ल्याची प्रीमियर. इथे आज ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी पंपावरच्या पेट्रोलमधलं 20 टक्के इथेनॉल लक्षात घ्यावं: जुनं रबर त्यात सुजतं. नळ्या एफकेएम (इथेनॉल सोसणारं कृत्रिम रबर) अस्तराच्या घ्या, कार्ब्युरेटरमधला ॲक्सिलरेटर पंपाचा कप आणि फ्युएल पंपाचा पडदाही इथेनॉल सोसणारा बसवा. पडदा फाटला तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर गाडी स्टार्ट करू नका.