अमेरिकेत प्राण्यांवरच्या औषध चाचण्यांवर बंदी आलेली नाही
"अमेरिकेत २०२२ पासून औषधांसाठी प्राण्यांवर टेस्टिंग करायला बंदी" हा मेसेज जोरात फिरतोय, मीही काल शेअर केला होता, आता डिलीट केलाय. कायदा उघडून वाचला तर त्यात बंदी कुठेच नाहीये. डिसेंबर २०२२ च्या एफडीए मॉडर्नायझेशन अ‍ॅक्ट २.० ने (एफडीए म्हणजे तिथली औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) फक्त प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्ती काढली, म्हणजे माणसांवर ट्रायल सुरू करायच्या आधी कंपनी आता पेशींवरच्या टेस्ट, ऑर्गन चिप (जिवंत पेशी बसवलेली, अवयवासारखं काम करणारी छोटी चिप), कॉम्प्युटर मॉडेल यांचाही पुरावा देऊ शकते, पण उंदीर, कुत्रे, माकडं वापरायला मनाई नाही आणि ती आजही वापरली जातात. बदल मोठाच आहे, मला खूप बरं वाटलं, पण "झालं सगळं" समजून आपण गप्प बसलो तर नुकसान त्या मुक्या जिवांचंच. प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, ग्रुपवर टाकला असेल तर तिथेच हे पण टाका.