चार्जर बोटीत लावू नका, बॅटरी बाहेर काढा

नारळी पौर्णिमा तोंडावर आली की नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळे, वाशीगावच्या जेट्टीवर मासेमारी बंदीचे दोन महिने पडून राहिलेल्या बोटींच्या बॅटऱ्या चार्ज करायची घाई सुरू होते. घरातून एक्स्टेंशन ओढायचं, चार्जर केबिनमध्ये ठेवायचा आणि दार लावून रात्रभर सोडून द्यायचं. ही पद्धत बंदच झाली पाहिजे. १०० अँपिअर-अवरची बॅटरी २५-३० किलोची असते. दोघांनी धरा, पण ती पडवीत आणूनच चार्ज करा.

पाण्याची (लेड-ॲसिड) बॅटरी भरत आली, व्होल्टेज १४.४ च्या आसपास गेलं की आतल्या पाण्यातून हायड्रोजन सुटू लागतो. हवेत तो ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. हा वायू हलका, थेट केबिनच्या छताला जाऊन साचतो, त्यामुळे खालची फळी उघडी ठेवून काही उपयोग नाही. ठिणगी पडते ती बहुतेकदा चालू चार्जरचा चिमटा काढताना. म्हणून लावताना आधी चिमटे, मग बटण. काढताना आधी बटण बंद. १०० च्या बॅटरीला १० अँपिअरचा, करंट आपोआप कमी करणारा चार्जर घ्या. गॅरेजमधला जुना, कट-ऑफ नसलेला (बॅटरी भरली तरी बंद न होणारा) चार्जर रात्रभर लावला तर तो पाणी उकळवत राहतो.

एक्स्टेंशनची भीती वेगळी. उधाणाला खाडीचं पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. संध्याकाळी सैल असलेली वायर पहाटे ताणलेली तरी असते, नाहीतर पाण्यात तरी. पाण्यात करंट गळला तरी एमसीबी (जास्त करंटला पडणारं बटण) पडत नाही, त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीच (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) लागतो. तो नसेल तर जेट्टीवर २३० व्होल्ट नेऊच नका.

बोटीवर परत बसवताना प्लसच्या वायरला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा. तो लाइटजवळ लावला, तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर ती वितळेपर्यंत कुणी अडवत नाही. प्लस आधी जोडा, मायनस शेवटी, काढताना उलट. नट हाताने नको, पान्याने आवळा, कारण मशीनच्या हादऱ्याने ढिला झालेला लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) तापून पेटतो. बॅटरीच्या टोकांवर जमलेली पांढरी पावडर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण झाकणं घट्ट लावून. सोडा सेलमध्ये गेला तर ॲसिड मरतं. खारं पाणी सेलमध्ये शिरलं तर क्लोरीन सुटतो. अशी बॅटरी केबिनमध्ये ठेवूच नका.

लिथियम घेतली असेल तर तिचाच चार्जर वापरा. लेडच्या काही चार्जरांमध्ये १५ व्होल्टच्या वर नेणारा मोड असतो, तो तिला चालत नाही.