सरांनी अमेरिकेहून आणलेल्या लेंड्या

देशपांडे सर परत आल्यापासून कट्ट्यावरचा चहा त्यांच्याकडं लागलाय. बोस्टनला पोराकडं दोन महिने राहून आलेला माणूस, एवढं तर बनतंच. फक्त चहासोबत फोटो बघावे लागतात, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

बोस्टन संपलं अन् काल ग्रीनविल निघालं. मेन राज्यात, पार वर, कॅनडाच्या अंगाला. मूसहेड तलावाच्या काठचं गाव.

"वस्ती किती?" तात्यानं विचारलं.

"जेमतेम दीड हजार! आणि पुढं नुसतं जंगल. निर्जन! अस्पर्शित! अरे, तिथली शांतता कानाला ऐकू येते." सर डोळे मिटून बोलतात. चाळीस वर्षं भूगोल शिकवला, पण गोदावरीत पाय कधी घातला नसेल.

"कानाला नाही तर काय नाकाला ऐकू येणार?" बाबुराव.

बाबुरावचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान कट्ट्याला लागूनच आहे. हात तांब्याच्या तारेत अन् कान आमच्यात.

सरांनी पुढचा फोटो काढला. जमिनीवर काळपट गोळ्या.

"ह्या लेंड्या आहेत का हो?"

"मूसच्या. हरणातला सगळ्यात मोठा प्राणी. नर पाचशे किलोच्या वरही भरतो. त्याची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात."

"मग मूस कुठाय?"

"दिसला नाही. पहाटे पाचला गाईड घेऊन गेलो होतो. पण ताज्या होत्या, गाईड म्हणाला."

यानंतर पाच मिनिटं काय झालं ते लिहीत नाही. तात्याचा चहा भंगारवाल्या शकीलच्या सदऱ्यावर गेला, एवढं सांगतो. तात्याच्या रानात रोही रोज रात्री तूर खाऊन जातात. उद्यापासून बांधावर तिकीट लावतो म्हणाला, लेंड्या फुकट.

सर रागावले. रागावले की शुद्ध बोलतात. "तुम्हाला जतन म्हणजे काय हेच ठाऊक नाही. तिथं कटाडिन नावाची बोट आहे, १९१४ची. कारखान्यात बनवली, तुकडे करून रेल्वेनं आणली आणि तलावाकाठी जोडली. ११५ फूट! अजून चालते. मी बसलो तीत."

"आधी काय करायची ती बोट?" बाबुरावनं वर न बघता विचारलं.

"आधी प्रवासी न्यायची. नंतर लाकडं ओढायची. हिवाळ्यात तोडलेले ओंडके तलावात आणायचे, त्यांना साखळीनं वेढा घालायचा आणि तो अख्खा तराफा बोट ओढायची. पुढं केनेबेक नदीत सोडून द्यायचे, खाली कागदाच्या गिरण्यांपर्यंत. १९७६पर्यंत हे चाललं."

"म्हणजे दीडशे वर्षं जंगल तोडून नदीत ढकललं, अन् तुम्ही अस्पर्शित म्हणायलात."

सर गप्प. मी पण चमकलो, कारण मला वाटत होतं बाबुरावचं लक्ष मोटारीत आहे.

"तसं नव्हे," सर सावरले. "त्याच्याही आधीपासून माणूस होताच. तलावाच्या मधोमध कायनिओ नावाचा कडा आहे, सातशे फूट, पाण्यातून सरळ वर आलेला. लाव्हाचाच दगड, पण आपल्या काळ्या पाषाणासारखा नाही, फोडला की काचेसारखी धार येते. तिथले मूळ लोक हजारो वर्षं त्याची बाणाची टोकं करायचे."

"ते लोक आता कुठायत?"

"आहेत... म्हणजे, आहेत. दुसरीकडं."

"सर, निर्जन असं काही नसतं. माणसं उठवली की होतं."

आता इथं थोडं सांगायला पाहिजे. बाबुरावचं गाव नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्याखाली आहे. धरणाचं उद्घाटन १९७६लाच झालं, तिकडं ओंडके थांबले त्याच वर्षी. शंभरावर गावं उठली. बाबुराव तेव्हा नऊ वर्षांचा. बापानं घराचं सागवानी दार चौकटीसकट उपटून बैलगाडीत घातलं होतं; ते आज त्याच्या न्हाणीला आहे. २०१६च्या दुष्काळात पाणी तळाला गेलं तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. मारुतीचा ओटा उघडा पडला होता. बाबुराव त्यावर बसून बिडी प्याला आणि म्हणाला, चला. सर त्या दिवशी आले नव्हते, ऊन फार होतं म्हणून.

"मूसहेड किती मोठाय?" बाबुरावनं विचारलं.

"तीनशे चौरस किलोमीटर!"

"नाथसागर भरला की साडेतीनशे. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. शेजारी पैठण, सातवाहनांची राजधानी. इथून तासाभरावर. तुम्ही कितीदा गेलात?"

"नाथषष्ठीला एकदा. पण तिथं गर्दी असते."

"जिवंत माणसं असतात, त्याचा त्रास होतो."

सरांनी शेवटचा फोटो काढला. झाडीत पडलेला विमानाचा पत्रा. १९६३च्या जानेवारीत बी-५२ बॉम्बर वादळी हवेत सापडला, शेपटीचा उभा पंखाच तुटला. नऊ जण होते, सात गेले. दोघांनी बर्फात रात्र काढली. अवशेष आहेत तिथंच आहेत, लोक पायी जाऊन बघून येतात.

"साठ वर्षं तसंच? आपल्याकडं असतं तर आठ दिवसांत शकीलच्या गोदामात," तात्या हसत म्हणाला.

शकील हसला नाही. "सात माणसं मेलीत तिथं, तात्या. मी हात नसता लावला."

कुणाला काही सुचेना. मला स्वतःचीच लाज वाटली, कारण हाच विनोद माझ्याही तोंडावर आला होता, तात्यानं आधी केला एवढंच.

शेवटी सरच म्हणाले, "माझ्या लुनाला बरा लावलास हात!"

झालं. १९९८ची लुना. सरांच्या मते अडीचशे रुपये अजून येणं आहे. शकीलच्या मते गाडीत इंजिन नव्हतं, चिमणीचं घरटं होतं, अन् सरांनी ते वजनात धरलं.

"घरटं जतन केलं होतं, शकील! तुम्हाला जतन कळत नाही!" बाबुराव सरांच्या आवाजात ओरडला.

तेवढ्यात तात्याच्या बायकोचा फोन. नळ आला. नऊ दिवसांनी. तात्या चपला हातात घेऊन पळाला, त्याच्यामागं मी. पाणी त्याच नाथसागरातलं. वळून बघितलं तर सर चहाचे पैसे देत होते अन् शकील त्यांना म्हणत होता, "सर, अडीचशातून कापून घ्या."