परदेशात संडास धुवायला नेलतं काय?

आज दुपारी एका घरी वास्तुशांतीचं जेवण होतं. पंगतीत बसलोय, ताटात भात पडलाय आणि समोरच्या पाहुण्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय ओ वहिनी, एवढे लाख घालवून सासऱ्यांना न्यूझीलंडला संडास धुवायला नेलतं म्हणं?" सगळी पंगत हसली. बाबा, म्हणजे माझे सासरे, माझ्या शेजारीच होते, काही बोलले नाहीत, भात कालवत राहिले. कार्य दुसऱ्याचं, घर दुसऱ्याचं, म्हणून मी पण गप्प बसले. पण घरी आल्यापासून डोक्यातनं जाईना म्हणून इथं लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

होय, नेलं. आणि गाडीत संडास होता म्हणूनच नेलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे, म्हणजे आमचे हे, मी, पोरं आणि सासू-सासरे, क्राइस्टचर्चला मोटरहोम भाड्यानं घेतली आणि साउथ आयलंड फिरलो. गाडीतच बेड, गॅस, फ्रिज, बेसिन आणि मागं कपाटाएवढं संडास-बाथरूम. तिकडं पण गाड्या डाव्या बाजूनंच चालतात, आपलं इंग्रजीतलं लायसन चालतं, त्यामुळं ह्यांना फार जड गेलं नाही. फक्त मोठ्या रस्त्यावर पण मधेच एकेरी पूल येतात, तिथं पाटीवरचा बाण बघून समोरच्याला आधी जाऊ द्यायचं.

आता सासूबाईंचं सांगते, कारण सगळं त्यांच्यापाशीच येतंय. आमच्या सासूबाई प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नाहीत. सकाळी अर्धा कप चहा, संपलं. पुण्याला जायचं असो नाहीतर पंढरपूरला. ओठ सुकतात, डोकं दुखतं, पण बाटली पुढं केली की "नको, मग थांबावं लागतंय." हे वाचणाऱ्या बायकांना मी काय नवीन सांगत नाही, तुमच्या आया, मावश्या, तुम्ही स्वतः, सगळ्या ह्यातनं गेलाय. ह्याच कारणानं त्यांना एकदा लघवीचं इन्फेक्शन होऊन सलाईन लावायची पाळी आली होती. आणि ह्याच कारणानं त्यांनी आयुष्यात एक सहल केली नाही. बसच्या टूरला विचारलं की गुडघ्याचं कारण सांगायच्या. कारण गुडघ्याचं नव्हतंच.

टेकापो नावाचं गाव सोडलं की थोड्या वेळानं पुकाकी नावाचा तलाव लागतो. त्याचं पाणी असलं निळं की बाबा म्हणाले, मोरचूद कालवल्यागत दिसतंय. वरच्या हिमनद्या दगड दळत दळत खाली येतात, ती बारीक भुकटी पाण्यात तरंगत राहते म्हणून तो रंग. पलीकडच्या टोकाला माउंट कुक, 3,724 मीटर, नुसता पांढरा. तिथं गाडी लावली, मी चहा टाकला, आणि सासूबाईंनी फ्रिज उघडून पाण्याची बाटली काढली आणि घटाघटा प्यायल्या. पुन्हा प्यायल्या. मी बघतच राहिले. त्यांनी विचारलं, "हितनं पुढं किती लांब जायचंय?" मी म्हटलं, "आई, कितीही लांब असू दे, सांगा, गाडी थांबवू." तिथं चालू गाडीत पट्टा लावून बसावंच लागतं, उठून आत जाता येत नाही, पण थांबायला जागा ठिकठिकाणी आहेत आणि थांबलं की संडास आपलाच, आपल्या कडीचा. त्या दिवसापासून बाई पाणी प्यायला लागली. मला तो डोंगर आठवतो, पण त्याच्या आधी ती बाटली आठवते.

आणि हो, धुणं. मोटरहोमला बाहेरनं एक छोटं दार असतं, ते उघडलं की खालची टाकी बाहेर ओढायची, तिला हँडल असतं, चाकं असतात, सुटकेससारखी ओढत डम्प स्टेशनवर, म्हणजे असल्या टाक्या रिकाम्या करायच्या जागी न्यायची. तिथं ठरलेल्या तोंडात ओतायची, बाजूच्या पाइपनं खळबळून धुवायची, निळं केमिकल घालायचं, परत बसवायची. प्यायच्या पाण्याचा नळ वेगळा, त्याला हा पाइप लावायचा नाही. पहिल्या दिवशी हे हातमोजे घालायला लागले तर बाबांनी त्यांच्या हातातनं काढून घेतले. म्हणाले, "तू गाडी चालवतोयस, ती सैपाक करत्या, मग माझं काम कुठलं?" साखर कारखान्यात मशिनवर आयुष्य काढलेला माणूस. टाकीचा व्हेंट कुठं, झाकण कसं फिरतं, सगळं एकदा बघून घेतलं आणि पुढं रोज सकाळी ते काम त्यांचं. त्यांच्या बायकोला पाणी पिता यावं म्हणून. ह्याला हसला तुम्ही.

तिथं हा चेष्टेचा विषयच नाही, कायद्याचा आहे. कॅम्पिंगच्या जागा सोडून बाहेर, जिथं परवानगी आहे तिथं गाडी लावून झोपायचं असेल तर बहुतेक ठिकाणी गाडीत संडास-पाण्याची सोय असल्याचं सर्टिफिकेट पाहिजे, 2023 साली तर नियमच केला की त्यासाठी संडास गाडीत पक्का बसवलेला असला पाहिजे, नुसता डबा ठेवून भागत नाही. मोडलं तर शेकडो डॉलर दंड. डम्प स्टेशनवर आमच्या पुढं एक गोरे आजोबा होते, त्यांची टाकी धुऊन झाल्यावर त्यांनी पाइप बाबांच्या हातात दिला, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही तरी किती वेळ टाक्यांबद्दलच बोलत उभे होते.

खर्च झाला, मान्य. तेवढ्यात खूप काही झालं असतं, तेही मान्य. आणि त्या देशात माणसं कमी, जागा उदंड, हेही खरं. बास.

पण मला ज्याचा खरा राग येतोय ते आपल्या हायवेचं. मागं पुण्याला जाताना सासूबाईंना अगदीच असह्य झालं म्हणून एका पंपावर थांबलो. संडासाला कुलूप. किल्ली कुठाय तर मालकाकडं, मालक जेवायला गेलाय. सत्तरीची बाई उन्हात उभी आणि तो पोरगा मोबाईलमधनं डोकं वर काढत नाही! पुढच्या हॉटेलात दार होतं तर कडी नव्हती, मी बाहेरनं दार धरून उभी. तेव्हा कुणी हसलं नाही, कारण ते आपल्याला रोजचंच आहे. बायकांनी तहान मारून बसायचं हे सगळ्यांना चालतं, आणि एका नवऱ्यानं हातमोजे घातले की पंगत हसते.

2021 ला आपल्या राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन, म्हणजे असल्याच राहायच्या गाड्यांच्या पर्यटनाचं धोरण आणलंय. चांगलंय, याव्यात गाड्या आपल्याकडं, राधानगरीला, आंबोलीला, तारकर्लीला. पण आधी टाक्या ओतायची सोय करा. नाहीतर ते सगळं ओढ्यात आणि पंचगंगेत जाणार, आणि पंचगंगेच्या पोटात आधीच काय काय जातंय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

जाऊ दे. लिहिता लिहिता राग उतरला थोडा. मघाशी बाबांना विचारलं, वाईट वाटलं का, तर म्हणाले, "त्यानं कुठं बघितलंय ते?" आणि मोबाईलवर मिलफर्डच्या वाटेवरच्या होमर बोगद्याचे फोटो काढून बसले. सव्वा किलोमीटरचा बोगदा, 1935 ला काम सुरू आणि गाड्यांना खुला झाला 1954 ला, हे त्यांना पाठ झालंय. येणाऱ्या जाणाऱ्याला तेच सांगतात. डोंगराच्या पोटातनं पाणी ठिबकताना त्यांनी काच खाली करून हात बाहेर काढला होता, पोरांनी ओरडून आत घ्यायला लावला.

बरं, आता कामाचं. पुढच्या महिन्यात सासूबाईंना तुळजापूरला जायचंय, स्वतःहून म्हणाल्यात, आणि ह्या वेळी मोटरहोम नाही, आपली साधी गाडी. कोल्हापूर-सांगली-पंढरपूर-सोलापूर ह्या वाटेवर बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेला, आतनं कडी लागणारा संडास कुठं कुठं आहे, गाव आणि खूण सांगून खाली लिहा. कमोड असेल तर तेही लिहा, त्यांना खाली बसता येत नाही. मी सगळं एकत्र करून परत टाकते, पुरुषांनी पण लिहा, घरात विचारून.