लिंबाचे गोठवलेले थर स्पर्धेत नेणाऱ्यांना काही सूचना

पाककला स्पर्धेच्या 'गोठवलेले पदार्थ' या विभागात लिंबाचा थरांचा गोड पदार्थ नेण्याचे आपण ठरविले असेल, तर आपले अभिनंदन. नुकत्याच झालेल्या एका स्पर्धेमुळे या विषयावर सल्ला देण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे.

साखर निम्मी करावी. साखरेमुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि त्यामुळेच सॉर्बेत, म्हणजे फळांचा रस आणि साखरपाणी गोठवून केलेल्या थरात, चमचा शिरतो, असे काही जण सांगतात. परंतु आरोग्यदायी पदार्थांना टाळ्या अधिक मिळतात, दातांचे काय व्हायचे ते होवो.

लिंबाची साल आतील पांढऱ्या भागासकट किसावी, कारण कडूपणालाही संधी मिळाली पाहिजे.

एक थर गोठेपर्यंत दुसरा घालायचा नाही, हा नियम तर मुळीच पाळू नये. मी तो पाळला. तळाशी लोण्यात कालवलेला बिस्किटांचा चुरा, त्यावर फेटलेले क्रीम, त्यावर मंद आचेवर शिजवून पूर्ण गार केलेले लेमन कर्ड (लिंबाचा रस, साखर, अंडी आणि लोणी यांचे दाट मिश्रण) आणि सर्वांत वर सॉर्बे, असे सारे उणे १८ अंशांवर गोठवून मी नेले. हा खटाटोप व्यर्थ आहे. कढत कर्ड थेट क्रीमवर ओतले तरी परीक्षकांसमोर पोहोचेपर्यंत दोन्हींची गत एकच होते.

कारण स्पर्धेत सर्व पदार्थ एकाच वेळी, प्रखर दिव्यांखालील टेबलावर मांडायचे असतात. त्यानंतर परीक्षकांची वाट पाहावी, ते आल्यावर आयोजकांची मनोगते ऐकावीत, छायाचित्रे होऊ द्यावीत, मग तिखट पदार्थांचे परीक्षण, आणि गोड अर्थातच शेवटी. तोवर क्रीममध्ये फेटून भरलेली हवा निघून जाते, सॉर्बे कर्डात उतरते, चुऱ्याचा लगदा होतो. फ्रीझरमध्ये जागा मागितली, तर 'नियम सर्वांना सारखे' असे उत्तर मिळते. फ्रीझर होता! त्यात परीक्षकांसाठीची शीतपेये ठेवली होती! आणि परीक्षक चमच्याने ढवळून विचारतात, "थर कुठे आहेत?" पहिले बक्षीस गेले जिलेटिनच्या पुडिंगला, ज्याने फ्रीझरचे दारसुद्धा पाहिले नव्हते. 'घरी नेऊन पुन्हा गोठवा,' असा दिलासाही मला मिळाला. वितळलेला पदार्थ पुन्हा गोठवला की त्यात बर्फाचे जाड खडे होतात, एवढेही यांना ठाऊक नाही, आणि हे विभाग चालवतात.

गोठवलेल्या पदार्थांचा विभाग ठेवायचा, त्याचे प्रवेशशुल्क घ्यायचे आणि ते पदार्थ ठेवायला थंड जागा द्यायची नाही, ही निव्वळ बेपर्वाई आहे. फ्रीझर देता येत नसेल, तर हा विभाग बंद करा. देता येत असेल, तर हे पदार्थ सर्वांत आधी चाखा. तुमची मनोगते नंतर झाली तरी वितळणार नाहीत. आणि 'पोत जमला नाही' असे लिहून गुण कापण्यापूर्वी, त्या टेबलावर तो पदार्थ तुम्ही किती वेळ ताटकळत ठेवला होता, ते घड्याळात पाहा.