लोअर परळच्या रात्रीबद्दल: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका,

तुम्ही चिडून, पण मनापासून लिहिलंय, म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. 'लोअर परळमध्ये पहिल्यांदा रात्री जाताना' हा माझा लेख वाचून काकांचं म्हणणं असं: सांगली-नाशिकहून येणाऱ्या पोरापोरींना मी पबची वाट दाखवते; बिलाची, परवान्याची माहिती म्हणजे फुकटची जाहिरात; ज्या गिरणीत त्यांच्या वडिलांनी तिसरी पाळी केली तिथल्या नाचगाण्यावर लिहिताना संपाचा एक शब्द नाही; आणि शेवटी, 'स्वतःच्या मुलीला पाठवाल का?'

वाट पोरांना आधीच ठाऊक असते हो. रील बघूनच येतात. रीलमध्ये दिवे दिसतात, दारावर काय होतं ते दिसत नाही. तिथे चार मित्रांना 'स्टॅग एन्ट्री नाही', म्हणजे सोबत मुलगी नसेल तर प्रवेश नाही, म्हणून बाजूला काढतात, नाहीतर माणशी कव्हर चार्ज, म्हणजे आत शिरायचे पैसे, सांगतात. ते पैसे खाण्यापिण्यातून वळते होणार की नुसतेच जाणार, हे विचारायची नवख्याची छाती होत नाही. इस्लामपूरचा पोरगा समोरच्याचं इंग्रजी ऐकून गप्प होतो आणि कार्ड पुढे करतो. लेख त्याच्यासाठी होता. (मराठीत विचारावं. दारावरचा धिप्पाड गडी बऱ्याचदा आपल्याच इकडचा निघतो.)

बिलाचंही तेच. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, जीएसटी खाण्यावर. आणि खाली गुपचूप जोडलेला सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये तसं बजावलं, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. 'हा काढा' म्हणण्यात कसला कमीपणा? डेटिंग अ‍ॅपवर ओळख काढून बारमध्ये बोलवायचं, भराभर महागडं मागवायचं आणि मुलीनं निघून जायचं, या फसवणुकीच्या तक्रारी मुंबईत पोलिसांपर्यंत गेल्यात. जागा तिनंच ठरवली असेल तर आधी मेनूकार्डावरचे दर बघ, एवढं सांगण्याला तुम्ही जाहिरात म्हणता. पबवाले मला नक्कीच पैसे देणार नाहीत.

आता आगीबद्दल. 'गच्चीवर बसण्याआधी दुसरा जिना शोधा' हे माझं वाक्य तुम्हाला खटकलं; भीतीही दाखवते आणि आमंत्रणही देते म्हणालात. २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरची दोन शेजारशेजारची ठिकाणं पेटली आणि १४ माणसं गेली. बरीचशी धुरानं गुदमरून. जीव वाचवायला काही जण स्वच्छतागृहात शिरले, तिथेच अडकले. हुक्क्याच्या निखाऱ्यानं आग लागली असं अग्निशमन दलाच्या चौकशीत पुढे आलं. गच्चीवर बांबू-ताडपत्रीचं छत, जाण्यायेण्याची वाट चिंचोळी, आणि गाणी इतकी मोठ्यानं की ओरडलेलंही ऐकू येऊ नये. अशा जागी पहिल्यांदा जाणाऱ्याला जिना दाखवायचा नाही तर काय दाखवायचं? जाणारा जाणारच आहे. तुम्ही 'जाऊ नका' म्हटल्यानं तो थांबणार असेल तर तुम्ही जरूर म्हणा, माझ्यानं काही तो थांबत नाही.

गिरणगावाचा मुद्दा मात्र तुमचा खरा, आणि त्यावर मला तुमच्याशी भांडायचंय. त्या लेखात संप नाही, कारण तिथे तो दोन ओळींत आला असता आणि तुम्हाला तेच जास्त लागलं असतं. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे तुम्हाला मी काय सांगू. पण गिरण्यांच्या जागी पब आले ते संपामुळे आणि नाचणाऱ्या पोरांमुळे, असं तुमच्या लिहिण्यातून निघतं. जमीन नियमांतून गेली, काका. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. शेडखालची सगळी जमीन त्यातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. त्या वेळी आजची ही पोरं पाळण्यात होती, नाहीतर जन्मलीच नव्हती. राग त्यांच्या डोक्यावर कशाला फोडायचा?

आणि गिरणगाव कधी रात्री झोपत होतं? तुमचे वडील तिसऱ्या पाळीला जायचे म्हणजे कुणीतरी त्यांच्यासाठी जागं होतंच. गाळ्यात डबे बनवणाऱ्या, खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणत प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच कष्टातून. आजही त्या आवारात रात्रपाळी आहे. ग्लास धुणारा, तंदूरवर उभा असलेला, पार्किंगमध्ये किल्ल्या सांभाळणारा. जानेवारी २०२० च्या 'मुंबई २४ तास' धोरणानं मॉल आणि हॉटेलं रात्रभर उघडी ठेवायला मुभा दिली तरी बारची वेळ दीडचीच राहिली, आणि दीडला कर्जतची शेवटची लोकल कधीच गेलेली असते. ही पोरं सामान रचून, लादी पुसून पहाटे चारच्या पहिल्या गाडीची वाट बघत बसतात. दीड लाखांहून जास्त गिरणी कामगार आणि वारस घरासाठी अर्ज करून बसलेत, त्यांना सरकार कुठली घरं दाखवतंय? शेलू आणि वांगणी. त्याच कर्जत लाइनवर. हा मुद्दा तुम्ही उचललात तर मी तुमच्या बाजूनं लिहीन, पण 'संस्कृती बुडाली' या नावाखाली नको.

संस्कृतीचं म्हणाल, तर गणपतीत लालबागला रात्री तीनला पोरीबाळी रांगेत उभ्या असतात आणि कुणाला काही वाटत नाही. गर्दीत बाई रात्री निर्धास्त असते, हे तुम्हीच मला शिकवायला हवं.

राहता राहिला मुलीचा प्रश्न. ती नववीत आहे. एकवीस झाल्यावर बिअर आणि वाइन, पंचवीसनंतर बाकीचं, हा कायदाच आहे. आणि पिण्यासाठी लागणारा परवाना एक दिवसाचा असेल तर पाच रुपयांत मिळतो, तो तिच्या बाबांनीही आजवर काढलेला नाही. तेव्हा हो, पाठवेन. मैत्रिणींबरोबर, मोबाइल चार्ज करून, ११२ हा मदतीचा नंबर लक्षात ठेवून. बाराच्या आत स्टेशन गाठायचं की दीडनंतर सगळ्यांनी मिळून एक टॅक्सी करायची, हे घरून निघतानाच ठरवून. मध्यरात्रीनंतर मीटरवर पंचवीस टक्के जास्त द्यावे लागतात, तेवढे मी देईन. फक्त दोन ऑक्टोबरला जाऊ नकोस म्हणेन. ड्राय डे असतो, उगाच हेलपाटा.