दादांचा टेंभा

आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसलेय. लांबलचक होणार आहे. कंटाळा असेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं, राग नाही.

माझा भाचा अमेरिकेत असतो, न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या खोऱ्यात. रविवारी तो तिथल्या माउंट बीकन नावाच्या डोंगरावर चढला आणि मला फोटो पाठवले. खाली रुंद, संथ नदी, दोन्ही काठांना झाडीनं गच्च भरलेले डोंगर, आणि माथ्यावर एक दगडी स्मारक. खाली लिहिलेलं, "मावशी, लढाईच्या काळात इथे इशाऱ्याची आग पेटवायचे. मला तुझी रामशेज गडाची गोष्ट आठवली."

मला इतकं बरं वाटलं की मी ते फोटो आमच्या भटक्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. दोन मिनिटांत एका सद्गृहस्थांचं उत्तर आलं. "अडीचशे वर्षांचं पोर ते! आपल्या गडांपुढे यांची कसली शेकोटी?" त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग आणि भगव्या झेंड्यांची त्याहून मोठी रांग.

शेकोटी म्हणे!

अहो, माहिती तरी घ्यायची. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७६ मध्ये, इंग्रजांनी न्यूयॉर्क शहर घेतलं ते १७८३ च्या नोव्हेंबरपर्यंत सोडलं नाही. म्हणजे सात वर्षं शत्रू नदीच्या मुखाशी बसलेला, आणि नदी ही सरळ आत जाणारी वाट. १७७७ मध्ये ते खरंच वर आले आणि त्यांनी किंग्स्टन गाव जाळलं. पुढच्या वर्षी अमेरिकनांनी वेस्ट पॉइंटपाशी नदीवर आडवी लोखंडी साखळी टाकली, जहाजं अडवायला. आणि डोंगरमाथ्यांवर सरपणाचे मनोरे रचून ठेवले. न्यू जर्सीच्या बाजूला १७७९ मध्ये लॉर्ड स्टर्लिंगनं (हा लॉर्ड असून इंग्रजांच्या विरुद्ध लढत होता, असे असतात काही) ते कसे रचायचे हे लिहून दिलं होतं. तळाशी चौदा फूट चौरस, वर निमुळते होत जाणारे ओंडके, पोटात वाळकं सरपण, मधोमध एक उंच खोड उभं. शत्रू दिसला की एका डोंगरावर आग, ती बघून पुढच्या डोंगरावर, ती बघून त्याच्या पुढच्या. आणि खाली शेतात नांगर धरलेला माणूस बंदूक घेऊन निघणार.

याला शेकोटी म्हणतात होय?

आता माझी गोष्ट. जुन्या मित्रमैत्रिणींनी ती ऐकलीय, त्यांनी परत ऐकावी.

१९७८ साल, मी दहा वर्षांची. आमचं घर तेव्हा नाशिकच्या मखमलाबादला मळ्यात. आजोबांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. वसुबारसेच्या आदल्या दिवशी दादा मला आणि माझ्या आतेभावाला घेऊन रामशेजला निघाले. पेठ रोडनं एसटी, मग आशेवाडीपर्यंत पायी. दादांच्या खांद्यावर एक बांबू, त्याच्या टोकाला जुन्या धोतराच्या चिंध्या तारेनं आवळून बांधलेल्या. पिशवीत रॉकेलची बाटली. ते रॉकेल रेशनचं. आजीनं ते देताना बाटली उजेडात धरून बोटानं खूण केली होती. "इतकंच. याच्यावर थेंब नाही. दिवाळी तोंडावर आहे आणि तुम्हाला खेळ सुचताहेत."

ठरलं असं होतं की अंधार पडला की दादा गडावरून टेंभा पेटवणार. आई माळवदावर उभी राहणार, आणि टेंभा दिसला की कंदील तीनदा वर-खाली करणार.

एवढंच. पण त्या दिवशी मी गड चढले ते एखाद्या मोहिमेवर निघाल्यासारखी.

वर रामाचं मंदिर, पाण्याची टाकी, वारा. दादा कड्याच्या दोन हात अलीकडे बसले आणि आम्हाला सांगायला लागले. १६८२ मध्ये औरंगजेबाची फौज या गडाला येऊन भिडली, आणि हा एवढासा गड पाच वर्षांहून जास्त झुंजला. वर लोखंडी तोफा नव्हत्या, तर किल्लेदारानं लाकडाच्या केल्या, त्यावर कातडं चढवलं. हे आपल्या माणसानं नाही, मोगलांचा इतिहास लिहिणाऱ्या खाफीखानानं लिहून ठेवलंय, म्हणजे समोरच्यानं! मोगलांनी गडाच्या उंचीला भिडायला लाकडी दमदमा उभारला, तरी जमलं नाही. संभाजीराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना कुमक देऊन पाठवलं.

मी विचारलं, "दादा, मदत आलीय हे वरच्यांना कसं कळायचं?"

दादा म्हणाले, "बघत बसायचं बाई. दुसरं काय?"

हे वाक्य मी अठ्ठेचाळीस वर्षं घेऊन फिरतेय.

आपण कोंढाणा घेतल्याची गोष्ट सांगताना घोरपड सांगतो, तुटलेली ढाल सांगतो. पण १६७० च्या फेब्रुवारीतल्या त्या रात्री गड हाती आल्यावर वर पागा पेटवून दिली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, हे सभासदाच्या बखरीत आहे, ते किती जण सांगतात? माघातली थंडी, आणि राजगडावर एक माणूस डोळे लावून बसलाय. पन्हाळ्याहून सुटका झाली तेव्हाही तेच, विशाळगडाच्या तोफांकडे घोडखिंडीत कान लागलेले. इशारत करणाऱ्याइतकाच वाट बघणारा महत्त्वाचा असतो. आमच्या ग्रुपवर मात्र वाट बघायला कुणाला वेळ नाही, लगेच उत्तर टाकायचं असतं.

आणि त्या 'पोरां'नी काय केलं ते ऐका. १९०० साली त्या डोंगरावर स्मारक उभारलं ते तिथल्या बायकांच्या संस्थेनं. १९१३ मध्ये पायथ्याची दोन गावं एक झाली, तेव्हा गावाचं नावच बीकन ठेवलं. २००८ मध्ये इंग्रज न्यूयॉर्क सोडून गेल्याला २२५ वर्षं झाली, तेव्हा खोऱ्यातल्या पाच ठिकाणांहून पुन्हा उजेड केला. कशाला? त्या रात्री कुठली लढाई होती? काही नाही. फक्त इथून तिथे दिसतं, हे बघायला.

आपल्या भाषेत टेंभा आता फक्त मिरवायला उरलाय.

बरं, एक मान्य करते. त्यांनीही २००८ ला ओंडके पेटवले नाहीत, झेनॉन दिव्यांचे झोत सोडले. आणि आपल्याकडे डोंगरावर आग लावा असं मी मुळीच म्हणत नाहीये. वणव्यानं काळे झालेले डोंगर दर उन्हाळ्यात बघतो आपण, त्यात घरट्यांसकट काय काय जळतं तेही माहितीय. दादांनी जे केलं ते आज कुणी केलं तर मीच आधी ओरडेन. झालं समाधान?

पण यावर उपाय म्हणून त्याच सद्गृहस्थांनी दुपारी जे सुचवलं, त्यानं माझी उरलीसुरली शांती गेली. "ताई, तुम्हाला एवढी हौस आहे तर आपण गडावर कायमची रंगीत लाइटिंग करून घेऊ. लेझर शो, डीजे, ढोलपथक. नगरसेवक आपले आहेत."

डीजे! कड्यावर! जिथे वाऱ्याशिवाय आवाज नसतो तिथे! आणि रंगीत दिवे रात्रभर, बारा महिने. अहो, जो दिवा कायम चालू असतो तो इशारा कसा होईल? इशाऱ्याला आधी अंधार लागतो. मखमलाबादला आमच्या मळ्याच्या जागी आता सात मजली इमारत आहे, मी तिसऱ्या मजल्यावर राहते. गच्चीवर गेलं की रामशेज दिसतो, पण रात्री समोर मंगल कार्यालयाचा हॅलोजन, होर्डिंगचे दिवे, मोबाइलच्या टॉवरचा लाल डोळा. आज दादांनी टेंभा पेटवला तर मला तो दिसणारच नाही. आणि यांना त्यात भर घालायचीय.

साल्हेर किल्ल्याचं नाव २०२५ मध्ये जागतिक वारशात आलं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवलं. त्यानंतर साल्हेरला किती जण गेलो? मी गेले नाही. गुडघे, दुसरं काय. पण गुडघ्यांचं निमित्त पुढे करायला सोपं असतं हेही खरं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. मघाशी चहा करून आणला. तर गडावर काय झालं ते सांगते.

दादांनी काडी ओढली, वाऱ्यानं विझली. दुसरी, तिसरी. चौथ्याला आम्ही दोघांनी फ्रॉक आणि सदरा धरून आडोसा केला. मग टेंभा भपकन पेटला, रॉकेलचा काळा धूर आणि जळक्या धोतराचा वास. दादांनी तो दोन्ही हातांनी उंच धरला. त्यांचे हात थरथरत होते ते मी पहिल्यांदा पाहिलं. खाली नाशिक म्हणजे विखुरलेले पिवळे ठिपके, आजच्यासारखा समुद्र नाही. मी डोळे ताणून बघत होते. एक ठिपका हलल्यासारखा वाटला. मी ओरडले, "आई! ती बघा आई!" आतेभाऊ म्हणाला, ती बैलगाडी आहे. आम्ही तिथेच भांडलो. दादा म्हणाले, "आईच आहे." टेंभा विझल्यावर आम्ही मंदिरात झोपलो, आणि सकाळी घरी पोचल्यावर दिवाळीच्या गडबडीत आईला विचारायचं राहूनच गेलं.

माझं म्हणणं फार मोठं नाही. वर्षातून एक रात्र. दिवाळीआधीची अंधारी. रामशेज, चामर लेणी, पांडवलेणी, आणि हवा स्वच्छ असेल तर अंजनेरी. प्रत्येक ठिकाणी चार-पाच माणसं, एकेक मोठी बॅटरी, वनखात्याची परवानगी काढून. भाषण नाही, बॅनर नाही, साहेबांचा सत्कार तर नाहीच. एकानं उजेड दाखवायचा, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. आणि खाली आपण आपापल्या गच्चीवर, दहा मिनिटं बाहेरचे दिवे बंद करून. भोरगडावर वायुदलाचं रडार आजही जागं असतंच, तेवढ्यात त्याच डोंगरांकडे आपणही मान वर करून बघू. त्यात पोरांनी रील काढली तर काढू देत, आता काय करणार.

एवढं टाइप करून झाल्यावर वाटलं, बाकी जगाला विचारण्याआधी आईला विचारावं. आई आता ब्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, पण जुनं सगळं लख्ख. आत जाऊन विचारलं, "आई, त्या वसुबारसेच्या आधी रामशेजवरून दादांनी टेंभा पेटवला होता, तुला दिसला होता का गं?"

"नाही बाई," ती म्हणाली. "धुरकट होतं सगळं."

"मग तू कंदील हलवला नाहीस?"

"हलवला की. अंधार पडल्यापासून हलवतच होते. दर थोड्या वेळानं तीनदा. हात भरून आला माझा. सासूबाई खालनं ओरडत होत्या, वात काजळली म्हणून. पण तुम्ही वर होतात ना, तुम्हाला दिसत असेल म्हटलं."

मी काहीच बोलले नाही. तिनंच थोड्या वेळानं विचारलं, "का गं? परत जाणारेस का?"

म्हटलं, विचार आहे.

"मग रॉकेल कुठून आणणार? आता रेशनला देत नाहीत."